पर्समधली डबी

बँकेत अंगठे घेण्याचे काम तसे शिपायाचे, फार तर कारकुनाचे. पण हरसूलच्या आमच्या शाखेत मोजून पाच माणसे, त्यातले एखादे कायम रजेवर. त्यामुळे बाजाराच्या दिवशी शाईचे पॅड माझ्याच टेबलावर येऊन बसे. समोरच्या बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठा पॅडवर दाबायचा, मग तो व्हाउचरवर टेकवून अलगद फिरवायचा. दोन-तीन महिन्यांत शेकडो हात माझ्या हातातून गेले असतील. आवणीच्या दिवसांत चिखलपाण्याने पांढरे पडलेले हात, नागली कापताना विळ्याने चिरलेले हात, सरपणाच्या मोळीने सोलवटलेले हात. आणि त्यातल्या कितीतरी हातांच्या तर्जनीला, नखाच्या कडेने, एक तपकिरी-काळा डाग. तो शाईचा नव्हता. कशाचा आहे हे मला विचारावे लागले नाही, कारण तसा डाग माझ्याही बोटावर होता. मी तो रोज सकाळी लिंबाच्या फोडीने घासून काढत असे, एवढाच फरक.

हरसूल म्हटले की बाहेरच्या माणसाला तेव्हाच्या औरंगाबादचा तुरुंग आठवतो. बदलीचा हुकूम आला तेव्हा माझ्या थोरल्या दिरांनीही, "तुरुंगात कसली शाखा उघडलीय तुमच्या बँकेनं?" असे विचारले होते. हे हरसूल निराळे. आज ते नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात आहे. नाशिकहून गिरणाऱ्यावरून निघायचे, वाघेऱ्याचा घाट ओलांडायचा, की मग डोंगर आणि झाडी. पुढे गुजरातची हद्द जवळच. आजूबाजूच्या पाड्यांवर कोकणा, महादेव कोळी, वारली अशी वस्ती. पावसाळ्यात पाऊस असा की चार दिवस समोरची टेकडी दिसू नये. भात, नागली, वरई, थोडी खुरासणी. पाऊस सरला की हाताला काम नाही, म्हणून माणसे नाशिककडच्या द्राक्षबागांत मजुरीला जात. १९८९च्या जूनमध्ये मी तिथे अधिकारी म्हणून रुजू झाले. वय एकतीस. पुढची बढती हवी तर खेड्यात काही वर्षे काढा, असा तेव्हाचा शिरस्ता होता. नवरा नाशिकला, नोकरीला; शनिवारी दुपारनंतर एसटी पकडून मी जायचे किंवा तो यायचा. माझ्या खांद्याला एक पर्स असे. पर्समध्ये तिजोरीच्या किल्ल्या, आणि किल्ल्यांच्या खाली ॲल्युमिनियमची एक चपटी डबी.

डबीत मशेरी असे. कुणी मशेरी म्हणतात, कुणी मिश्री, आमच्या निफाडकडे मिसरी. शहरातल्या आजच्या मुलींना हा शब्द कदाचित ऐकूनही ठाऊक नसेल, म्हणून सांगते. तंबाखू तव्यावर पार काळी होईपर्यंत भाजायची आणि कुटून वस्त्रगाळ करायची. भाजताना सगळ्या आळीला ठसका लागतो. ती घरात येते दात घासायला म्हणून. पण मशेरीने दात घासून कुणी लगेच चूळ भरत नाही. हिरडीला लावून बसायचे असते. आधी सकाळी एकदा. मग जेवणानंतर, मग दुपारी जरा डोके जड झाले म्हणून, मग रात्री झोप येत नाही म्हणून. पाच-सहा वर्षांत बायका मशेरी 'घासणे' सोडून मशेरी 'लावणे' असे म्हणायला लागतात. या क्रियापदाच्या बदलात सगळे आले.

मला ती आईने दिली. अकराव्या वर्षी दाढ दुखून मी रात्रभर रडत होते, तिने आपल्या डबीतली चिमूटभर माझ्या हिरडीला लावली. डोके गरगरले, उलटी झाली, आणि दाढ थांबली. माझे वडील प्राथमिक शिक्षक. शाळेमागे विडी ओढणाऱ्या मुलाला त्यांनी छडीने फोडून काढलेले मी पाहिले आहे. पण स्वयंपाकघराच्या फळीवरची बायकोची डबी त्यांना कधी दिसली नाही. दिसली असेल, पण ते व्यसन होते असे त्यांना वाटले नसेल. व्यसन म्हणजे दारू, विडी, पत्ते, म्हणजे पुरुषांनी घराबाहेर करायची गोष्ट. आईचे ते दात घासणे होते. पुढे लग्न झाले तेव्हा मला धास्ती होती की सासरी डबी कुठे लपवायची. चौथ्या-पाचव्या दिवशी पहाटे न्हाणीघरामागे गेले तर सासूबाई तिथेच बसलेल्या, तोंडात बोट. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसलो. त्यानंतर माझी डबी संपत आली की त्याच भरून ठेवत. आमच्या दोघींत फारसे सख्य कधी नव्हते. जे काही होते ते त्या डबीपुरते.

१९८७ साली मला पहिले मूल झाले. मुलगा. साडेसात महिन्यांचा. वजन एक किलो चारशे ग्रॅम. नऊ दिवस होता.

याबद्दल मी आजवर कुठे लिहिलेले नाही, कादंबरीत आडून आडूनसुद्धा नाही. आज लिहिते आहे ते एका छोट्या गोष्टीसाठी. नाव घालायला गेले तेव्हा केसपेपरवर 'सवयी' असा एक रकाना होता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले, माझ्या इस्त्रीच्या साडीकडे पाहिले, बँकेत नोकरी हे वाचले, आणि न विचारता त्या रकान्यात 'नाही' असे लिहिले. टेबलाच्या पलीकडून मी ते उलटे वाचले. आणि गप्प बसले. डॉक्टर, रुग्णालय, कुणालाच मी दोष देत नाही. विचारले असते तरी मी खोटेच सांगितले असते.

हरसूलला आले ती ही अशी. बाळ गेल्यानंतर मशेरीचे प्रमाण दुप्पट झाले होते. दुःखावर तो एकच उतारा मला माहीत होता.

तिथल्या आरोग्यकेंद्रातल्या एक सिस्टर दर महिन्याला आवर्त ठेवीचा हप्ता भरायला येत. बडबड्या, चालून चालून टाचा फुटलेल्या, आणि स्पष्टवक्त्या. एकदा म्हणाल्या, "मॅडम, गरोदर बायांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं. जिची डबी मोठी तिचं पोर बारीक, हे मला काट्यावर दिसतंय. पण माझं ऐकत नाहीत. तुम्ही कर्ज देता, तुमचं ऐकतील. एकदा बोला की." त्या वेळी एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून, म्हणजे सगळे ज्याला आयआरडीपी म्हणत त्यातून, शेळ्यांची, बैलांची कर्जे जात. कर्जदारांची बैठक होती. पुरुष ओट्यावर, बायका खाली. शेळीचा विमा, हप्त्याची तारीख हे सगळे सांगून झाल्यावर मी मशेरीवर बोलले. चांगले पाच मिनिटे बोलले. हिरड्या, तोंडाचा कर्करोग, पोटातले मूल. वक्तृत्वाची बक्षिसे मिळवलेली बाई मी.

बोलून झाले आणि खालून एक बाई म्हणाली, "पर बाई, तुमी बी लावता."

चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. शेळ्यांचे कर्ज तिच्या नावावर होते, दर हप्त्याला माझ्यापुढे अंगठा द्यायला बसायची. मी तिचे बोट पाहत होते तसे तिने माझे पाहिले होते. त्या दिवशी लिंबू मिळाले नव्हते. कुणी हसले नाही, आणि तेच जास्त लागले. शिपायाने घाईघाईने चहा आणला.

तिचे नाव मी लिहिणार नाही. ती आहे, तिची माणसे आहेत. पुढच्या हप्त्याला ती आली तेव्हा शाखेत गर्दी नव्हती. मी विचारले, तुला मुले किती? म्हणाली, दोन झाली, एक मेलेलंच आलं, दुसरं एक रात्र होतं. मग तिने विचारले, "तुमचं?" मी सांगितले. नवऱ्याखेरीज कुणाशी न बोललेली गोष्ट मी एका कर्जदार बाईला, लेजर उघडे ठेवून, सांगितली. ती बराच वेळ बसून राहिली. उठताना म्हणाली, "मंग आपण दोघी सोडू. सिस्टरला खोटं पाडू नाही तर खरं."

आम्ही सोडली. हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत. पहिले तीन-चार दिवस डोके असे दुखते की कपाळावर कुणी हातोडी मारते आहे. पोट साफ होत नाही. पंधरा-वीस वर्षे शरीराला तंबाखूची चावी दिल्याशिवाय सकाळ होतच नसते. चिडचिड, घाम, हाताला कंप. तिसऱ्या दिवशी माझी रोकड पाचशे रुपयांनी कमी आली. तीनदा मोजली, चारदा मोजली, शेवटी खिशातून भरली. पगार किती होता हे आठवले की पाचशेचा अर्थ कळेल. सगळ्यात विचित्र म्हणजे हात. बोट आपोआप पर्समध्ये जाई, डबी शोधी, आणि डबी नाही म्हटल्यावर तसेच तोंडाकडे येई. मी बडीशेप आणि भाजलेला ओवा बाळगायला लागले. ती भाजलेले चिंचोके चघळत असे. मी खिशातल्या डायरीत रोजच्या तारखेपुढे शून्य लिहायचे; ती भिंतीवर कोळशाने रेघ ओढायची. हप्त्याच्या दिवशी आम्ही हिशेब जुळवायचो. माझी शून्ये आणि तिच्या रेघा. दोनदा माझ्या पानावर एक आकडा पडला होता, तो मी तिला दाखवला. तिच्या रेघा मी पाहिल्या नाहीत, पण तिने कधी लपवले असेल असे मला वाटत नाही.

१९९०च्या पावसाळ्यात तिला मुलगा झाला. आरोग्यकेंद्राच्या काट्यावर दोन किलो सातशे. सिस्टर स्वतः छत्री सावरत बँकेत सांगायला आल्या. "खरं ठरले हो मी!" असे दारातूनच ओरडल्या. फेब्रुवारी १९९१मध्ये मला मुलगी झाली. पूर्ण दिवसांची. केसपेपरवर 'सवयी' हा रकाना याही वेळी होता. या वेळी मी आपणहून सांगितले, "मशेरी होती. दीड वर्षापूर्वी सोडली." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिले.

लोकांना गोष्ट इथे संपलेली आवडते. मूल झाले, बाई सुधारली. आमच्या सिनेमांतून, कीर्तनांतून, मासिकांच्या दिवाळी अंकांतून हेच चालते. आई झाली की बाईच्या अंगात काही दैवी शक्ती येते आणि तिची सगळी पापे गळून पडतात. मलाही तसेच वाटले होते. मुलगी नऊ महिन्यांची झाली, माझी रजा कधीच संपलेली, तिला सांभाळायला सासूबाई हरसूलला येऊन राहिल्या. त्यांनी येताना नवी मशेरी भाजून आणली होती. त्याच आठवड्यात शाखेची तपासणी लागली. रात्री दहापर्यंत बँकेत, घरी आले की मुलगी रडते, दूध उतरत नाही. एका रात्री न्हाणीघरापाशी सासूबाईंनी न बोलता डबी पुढे केली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. माया करायची त्यांची तीच पद्धत होती. मी बोट बुडवले. मधली दोन वर्षे जणू गेलीच नव्हती.

डायरी मी कपाटाच्या तळाशी टाकली. त्या बाईला टाळायला लागले. हप्त्याच्या दिवशी मी मागे तिजोरीच्या खोलीत काम काढायचे. बोहाड्याच्या दिवसांत ती पोराला कमरेवर घेऊन बाजारात भेटली. माझ्या हाताकडे तिने एकदा पाहिले, मग पोराचे नाक पुसत राहिली. काही बोलली नाही.

अनिल अवचटांची गर्दवरची लेखमाला मी या आधीच्या वर्षांत वाचली होती. अनेकांनी वाचली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण सुरू केले, हे वाचकांना माहीत आहेच. ते सगळे वाचताना मला रडू आले होते, पण ते आपल्याबद्दल आहे असे एकदाही वाटले नाही. त्या लेखांतल्या बायका म्हणजे व्यसनी मुलांच्या आया आणि बायका. बाई व्यसनापायी सोसणारी. तिचे स्वतःचे व्यसन असू शकते, हे मलाच, मशेरी लावता लावता वाचणारीला, सुचले नाही. पुढे मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग निघाला. आज अवचटांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर ते सारे सांभाळतात. पुरुषाचे व्यसन चव्हाट्यावर येते, म्हणून त्याला कुणीतरी ओढत का होईना दारापर्यंत नेते. बाईचे व्यसन घरात राहते. ती स्वयंपाक करते, नोकरी करते, पोरांचे डबे भरते, आणि मधल्या फटीत ते जपते. घर नीट चाललेले असले की तिला कुणी विचारत नाही. आणि आई असेल तर तिने सांगायचे तरी कुणाला? 'आई असून?' हा प्रश्न ऐकण्यापेक्षा गप्प बसलेले बरे.

मे १९९२. माझी बदली नाशिकला झाली होती. सामान बांधणे चालले होते. ती बाई निरोप घ्यायला आली, टोपलीत कैऱ्या आणि उडीद घेऊन. मी मागच्या दाराशी तिच्याशी बोलत होते, जरा तुटकच. मुलगी सव्वा वर्षाची, नुकती धरून धरून चालायला लागलेली, आत बांधाबांधीच्या पसाऱ्यात खेळत होती. मग एकदम शांत झाली. घरात लहान मूल असेल त्यांना ती शांतता ओळखू येते.

आत गेलो. माझी पर्स पालथी पडलेली, डबी उघडी. मुलगी भिंतीला टेकून बसली होती, आणि उजव्या हाताचे पहिले बोट तोंडात घालून हिरडीवरून फिरवत होती. डावीकडून उजवीकडे, मग मागे. अगदी माझ्यासारखे. मला पाहून हसली. पुढचे चार दात काळे.

पुढचे मला तुकड्यातुकड्यांत आठवते. मी जागीच खिळले होते. त्या बाईने पोरीला उचलून पालथे धरले, बोटाने तोंड कोरून काढले, पदराने पुसले, पाणी घालून पुन्हा पुसले. पोरीला भडभडून उलट्या झाल्या. ती पांढरीफटक पडली, घामाने भिजली. कुणीतरी सिस्टरना बोलवायला धावले. तासा-दीड तासाने ती झोपली, आणि उठली ती खायला मागतच उठली. ज्यांच्या घरात आजही तंबाखू, मशेरी, गुटख्याच्या पुड्या लोळत असतात त्यांनी हे वाचून आज घरी एकदा सगळ्या फळ्या तपासाव्यात. एवढ्याशा जिवाला एवढीशी तंबाखू विष होऊ शकते. आम्ही सुटलो ते उलटी लगेच झाली म्हणून, असे सिस्टर म्हणाल्या.

अंगणात अंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेली होती. त्या बाईने डबी उचलली आणि चुलीत रिकामी केली. असा ठसका उठला की शेजारचे घरमालक खोकत बाहेर आले. डोळे पुसत ती मला म्हणाली, "बाई, माझी पोरं मेली तवा मला ठावं नव्हतं. तुमाला तर ठावं हाय."

सासूबाई ओसरीवर बसून हे ऐकत होत्या. त्या माउलीने पुन्हा कधी माझ्यापुढे डबी धरली नाही. स्वतःची मात्र शेवटपर्यंत सोडली नाही.

त्या दिवसानंतर मी मशेरी लावलेली नाही. हे वाक्य मी फार सावकाश लिहिते आहे, कारण तीस-बत्तीस वर्षांनंतरही कुठे तंबाखू भाजल्याचा वास आला की माझी पावले मंदावतात. आईपणामुळे सुटली का? कारण मिळाले ते आईपणामुळे, हे खरे. पण कारण तर माझ्यापाशी आधीही होते. नऊ दिवसांचे होते. नुसत्या कारणाने मी डबी दुप्पट केली होती. कुणीतरी आपले बोट पाहते आहे, खरे ते तोंडावर सांगते आहे आणि सांगून झाल्यावरही आपल्याशेजारीच बसते आहे, हे मिळाले तेव्हा सुटली. अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड चार मुलांच्या आई होत्या. दारू आणि वेदनाशामक गोळ्या यांत त्या बुडाल्या होत्या. १९७८ साली सगळ्या कुटुंबाने, मुलगी सुझनच्या पुढाकाराने, त्यांच्यासमोर बसून ते बोलून दाखवले, तेव्हा त्या साठीला टेकल्या होत्या. चार मुलांच्या आईपणाने जे आपोआप झाले नव्हते ते समोर बसून बोलण्याने झाले. त्यांनी पुढे १९८२ मध्ये व्यसनमुक्तीचे केंद्र काढले. कुठे व्हाइट हाऊस आणि कुठे हरसूल. पण त्यांच्याबद्दल वाचताना मला चुलीपाशी उभी राहिलेली बाईच दिसत होती.

माझा डाव्या-उजव्या बाजूंचा हिशेब जुळवण्याचा स्वभाव. त्यामुळे २००४ साली वर्तमानपत्रात एक बातमी वाचली आणि कात्रण कापून ठेवले. मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या या संशोधकांनी १,२१७ गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करून ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निबंध लिहिला होता. न ओढता घेतली जाणारी तंबाखू, म्हणजे त्यांच्या पाहणीत मुख्यतः मशेरीच, वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे इतरांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मत होती. शिक्षण, गरिबी वगैरेंचा हिशेब वजा करूनसुद्धा. तोवर पुष्कळांचा समज असा की धूर नाही म्हणजे धोका नाही. पण धूर नसला तरी निकोटीन असतेच. ते हिरडीतून रक्तात उतरते, रक्तवाहिन्या आवळते, वारेतून बाळापर्यंत पोहोचते. १०५ ग्रॅम! बँकेत सोनेतारण कर्जासाठी मी वर्षानुवर्षे दागिने तोलून घेतले आहेत. साडेदहा तोळे होतात ते. एवढे सोने एखादीच्या अंगावरून गेले तर ती आयुष्यभर सांगत राहील.

अर्थात सरासरी ती सरासरी. माझ्या मुलाला काय झाले हे त्यावरून कुणी सांगू शकत नाही. मी दोन डॉक्टरांना विचारले, दोघेही हेच म्हणाले. त्यांचे बरोबर आहे. तरी ते कात्रण माझ्यापाशी आहे.

आणखी एक गंमत. ज्या मे महिन्यात माझी डबी चुलीत गेली, त्याच्या आदल्याच दिवसांत, ३० एप्रिल १९९२ रोजी, केंद्र सरकारने दंतमंजनांत आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती उचलून धरली. मला हे कितीतरी वर्षांनी कळले. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला कोणता कायदा लागतो? २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या दर शंभर प्रौढ स्त्रियांमागे सतरा स्त्रिया तंबाखूचा कोणता ना कोणता प्रकार वापरत होत्या. सिगारेट ओढणाऱ्या बाईचा फोटो पाहून हळहळणाऱ्या आपल्या समाजाला या सतरा दिसत नाहीत. निपाणीच्या वखारींत तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्या बायका १९८०च्या सुमारास रस्त्यावर उतरल्या, त्यांच्यावर 'युगांतर' या गटाने १९८२ मध्ये माहितीपटही केला. तंबाखू कुटणारी बाई आणि लावणारी बाई यांच्यात फारसे अंतर नसते. आता १८००-११-२३५६ या क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी फुकट सल्ला मिळतो, एवढी सोय झाली आहे. ज्यांना समोरासमोर सांगवत नाही त्यांनी निदान फोन करावा.

गेल्या डिसेंबरात हरसूलला गेले. वाघेऱ्याच्या घाटातला रस्ता ओळखू येत नाही इतका बदललेला. शाखेत संगणक, अंगठ्याचे यंत्र. शाईचे पॅड कुणाला आठवतही नव्हते. सिस्टर केव्हाच निवृत्त होऊन आपल्या गावी गेल्या. ती बाई घरीच भेटली. केस पिकलेले, गुडघे धरलेले, बोट मात्र स्वच्छ. मी माझेही पुढे केले, आणि आम्ही दोघी हसलो. माझ्या मुलीला तिने नावानिशी विचारले. पहिल्या मुलानंतर तिला दोन मुली झाल्या. त्यातली एक आशा कार्यकर्ती आहे, पाड्यावरच्या गरोदर बायांच्या याद्या करते. यादीत मशेरीचे विचारते की नाही, हे मी विचारले. "विचारती," ती म्हणाली, "आन् बोट बी बघती."

तेवढ्यात तिचा थोरला आला. दोन किलो सातशेचा. आता चौतिशीचा, जीप चालवतो, तब्येतीने चांगला रुंद. पाया पडायला वाकला आणि शर्टाच्या खिशातून एक पुडी जमिनीवर पडली. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. त्याने ती झटकन उचलली. त्याच्या आईने पाहिले, मी पाहिले. तो तोंडातले थुंकायला अंगणाच्या कडेला गेला.

"सून पाचव्या महिन्यात हाय," ती खालच्या आवाजात म्हणाली. "पोर झालं की सोडीन म्हनतो." मग थोडा वेळ गप्प राहून, "सुटतं का हो बाई, नुसतं पोर झालं म्हून?"

तिला उत्तर माहीत होते. माझ्याकडे पाहून ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली. एसटीला अजून तासभर अवकाश होता. तो चूळ भरून आला तेव्हा मी त्याला जवळ बसायला सांगितले, पर्स मांडीवर घेतली, आणि तिच्यात पूर्वी काय असायचे इथपासून सुरुवात केली.